उंदराला तेलाची चव कळते काय?

मुकुटबनच्या आसपास कापूस पिकतो. त्याच कापसाची वात तेलात भिजवून देवापुढे लावावी, तर रात्री उंदीरमामा ती पळवून नेतात! त्यांना तेलाची चव कळते, की नुसता बुळबुळीतपणाच आवडतो?

फ्रान्समधील दिजाँ येथील शास्त्रज्ञांनी याचा शोध घेतला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात उंदरांपुढे दोन बाटल्या ठेवल्या होत्या. एकीत लिनोलेइक आम्ल होते. आपल्या सरकीच्या तेलात ते विपुल असते. बुळबुळीतपणाने फसगत होऊ नये, म्हणून दोन्हींत डिंकासारखा पदार्थ मिसळला होता. तरीही उंदीर आम्लाच्याच बाटलीकडे वळले. मात्र ज्यांच्या शरीरात ‘सीडी ३६’ हे प्रथिन जन्मतःच नव्हते, त्यांना दोन्ही बाटल्या सारख्याच वाटल्या. गोड पाणी मात्र तेही आवडीने पीत.