प्रोसेसरवरची जुनी पेस्ट: ओढू नका, फिरवा

धुळ्याच्या एका श्रोत्याने विचारलंय, "भाऊ, दुपारी डेस्कटॉप आपोआप बंद पडतो. थर्मल पेस्ट मी घरीच बदलू का? प्रोसेसर तर नाही ना जाणार?"

बदला, पण घाई नको. घाईत मी एक प्रोसेसर घालवलाय.

आधी कारण बघू. मे महिन्यात आपल्या जळगाव-धुळ्याचा पारा ४४-४५ला टेकतो. खोलीत २५ऐवजी ४० अंश असतील, तर त्याच कामाला प्रोसेसरही साधारण १५ अंश जास्त तापतो. त्यात प्रोसेसर आणि कूलर (खिडकीतला नव्हे, प्रोसेसरवरचा!) यांच्यामधली पेस्ट काही वर्षांनी वाळते आणि उष्णता नीट बाहेर जात नाही. म्हणून आधी पंख्यातली धूळ काढून बघा. फरक पडला नाही, तर पेस्टला हात लावा.

माझी चूक सांगतो. जळगावात मित्राचा एएम४ बोर्ड होता. मशीन थंड असतानाच मी कूलर सरळ वर ओढला. पेस्ट डिंकासारखी चिकटलेली. लॉक लावलेलं असूनही प्रोसेसर कूलरसोबतच उपटून आला. त्याच्या पोटाला १,३३१ पिना असतात. चार वाकल्या आणि सरळ करताना एक तुटली. नवा प्रोसेसर माझ्या खिशातून.

तेव्हापासून मी असं करतो. मशीन दहा मिनिटं चालवतो, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग बंद करून प्लग काढतो. कूलरचे स्क्रू आलटून-पालटून सैल करतो, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवतो आणि सुटला की मगच उचलतो. प्रोसेसर सॉकेटमध्येच राहू देतो.

आधी कोरड्या टिश्यूने पेस्ट पुसा. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब फडक्यावर घ्या, प्रोसेसरवर ओतू नका. कडेकडून मध्याकडे पुसा. कूलरचा तळही तसाच स्वच्छ करा. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. नेलपॉलिश रिमूव्हरने प्लास्टिक विरघळू शकतं. ब्लेड, स्क्रूड्रायव्हर तर अजिबात नको. आणि हो, हे अल्कोहोल चटकन पेट घेतं. जवळ अगरबत्ती, गॅस नको. खिडकी उघडी ठेवा.

दोन-तीन मिनिटं वाळू द्या. मग मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावा, कूलर बसवा.

आणि भाऊ, हे काम सकाळी करा. दुपारी घामाचे थेंब बोर्डावर पडतात!