शेवटच्या सायकलस्वारासाठी

वाचकहो, घरातील तरुण मंडळी भर पावसाळ्यात सायकली काढून जथ्याने सहलीस निघाली, की वडीलधाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. हे भय अगदीच अनाठायी नाही. परंतु त्यावर दाराला कडी घालणे हाही उपाय नव्हे. पावसातला प्रवास कसा करावा, हे जाणून घेणे अधिक श्रेयस्कर.

बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीतील डोईफोडिया ह्या गावाचाच परिसर घ्या. भोवती सातपुड्याचे डोंगर आहेत. उन्हाळ्यात कोरडे पडणारे नाले डोंगरात पाऊस कोसळताच दुथडी भरून वाहू लागतात. नाल्यावरच्या सखल पुलास इकडे रपटा म्हणतात. आपल्या डोक्यावर आभाळ निवळलेले असते, तरी वर पडलेल्या पावसाचे पाणी मागाहून येऊन रपटा बुडवते. अशा मुलखात दहा-बारा सायकलस्वारांनी मुसळधार पावसात निघायचे, तर पहिला प्रश्न वेगाचा नसून शिस्तीचा असतो.

भिजलेल्या चाकावर ब्रेकचे रबर लवकर पकड घेत नाही. म्हणून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर राखावे आणि ब्रेक आधीपासून हलके दाबीत यावे. काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर आला असेल, तेथे वळणावर सायकल कलती करू नये. डबक्याखाली खड्डा किती खोल आहे हे दिसत नाही. पुढच्याने हाताने खूण करून मागच्यांना सावध करावे. मागच्या चाकाला लांब मडगार्ड असावे. ते स्वतःपेक्षा मागून येणाऱ्या सोबत्याच्या डोळ्यांसाठी अधिक उपयोगी पडते. विजा कडाडू लागल्या तर झाडाखाली गर्दी न करता पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा.

जथ्याने दूर जाण्याची ही परंपरा जुनी आहे. 1897 साली इटलीत काही सायकलस्वारांनी रोमहून नेपल्सपर्यंतचे सुमारे 230 किलोमीटर अंतर एका दिवसाच्या उजेडात तोडले. त्यांना ‘ऑडॅक्स’ हे नाव मिळाले. ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ धाडसी. 1904 साली फ्रान्समध्ये आँरी देग्रांज ह्यांनी त्या प्रकाराला नियमांचे रूप दिले. शर्यतीत पुढे धावण्याला मान असतो. येथे मात्र सर्वांनी एका कप्तानाच्या मागे, ठरलेल्या वेगाने, एकत्र जायचे असते. धाडसाची ही व्याख्या विचार करण्याजोगी आहे.

परंतु ज्याला ज्याच्या वेगाने जाऊ देतात, त्या प्रवासातही पाऊस कोणाची गय करीत नाही. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याचा सुमारे 1200 किलोमीटरचा प्रवास जास्तीत जास्त 90 तासांत पुरा करावा लागतो. 2007 साली तेथे पावसाने आणि वाऱ्याने असा पिच्छा पुरवला, की निघालेल्या पाच हजारांवर स्वारांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्वारांना तो अर्ध्यावर सोडावा लागला. ते सारे महिनोन्‌महिने तयारी करून आलेले होते. त्यांना भित्रे कोण म्हणेल?

आता पुन्हा आपल्या रपट्याकडे येऊ. पाणी घोट्याच्या वरच आले आहे. पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर दिसतो. कोणी म्हणतो, “एवढ्यात काय होते?” एक पुढे सरसावतो, आणि मागे राहिल्यास हसू होईल म्हणून दुसरेही पाय उचलतात. नेमका हाच क्षण घातक. वेगाने वाहणारे वीतभर पाणीही उभ्या माणसाचे पाय उपटू शकते, आणि गढूळ पाण्याखाली पूल शाबूत आहे की वाहून गेला, हे काठावरून कळत नाही. अशा वेळी कप्तानाने पहिला शब्द उच्चारावा : “परत फिरा.” जो थकला आहे, थंडीने कुडकुडत आहे, त्याला हे स्वतः म्हणण्याची लाज वाटते, ती लाज कप्तानाने स्वतःवर घ्यावी. परतीच्या वाटेवरही वेग त्या थकलेल्याचाच असावा, आणि त्याच्या मागे एक अनुभवी स्वार असावा.

म्हणून, आईबापहो, मुलाला निरोप देताना “किती लांब जाणार?” एवढेच विचारू नका. “सर्वांत मागे कोण राहणार? पाणी चढले तर परत फिरायचे कोण ठरवणार?” हेही विचारा. ह्या प्रश्नांची उत्तरे त्याच्याजवळ तयार असतील, तर त्याला आनंदाने जाऊ द्या. आणि तो अर्ध्या वाटेवरून चिखलाने माखून परतला, तर थट्टा न करता त्याच्यापुढे गरम चहाचा पेला ठेवा. परत फिरण्यासही धाडस लागते, हे त्याला घरातच कळले पाहिजे.