सूत्रकृमींतील अवयवविकास
सूत्रकृमींच्या डिंभावस्थेत ठराविक कोशिकांपासून विशिष्ट अवयव घडविणारी, जीनांनी (आनुवंशिक घटकांनी) नियंत्रित केलेली प्रक्रिया. वऱ्हाडात या विषयाचा संबंध शेतीशी येतो. अमरावती जिल्ह्यातील वरूड व मोर्शी हे तालुके संत्र्यासाठी प्रसिद्ध आहेत. विदर्भातील संत्र्याच्या मुळांवर टायलेंक्युलस सेमिपेनेट्रान्स हा सूत्रकृमी उपजीविका करतो व त्यामुळे झाडांचा सावकाश ऱ्हास होतो. मादीच्या शरीराचा पुढचा भाग मुळात रुतलेला असतो. फुगलेला मागचा भाग बाहेर राहतो व अंडी बाहेर टाकण्याचे द्वार (भग) त्याच भागात असते. असे द्वार कसे घडते, याचे मूलभूत ज्ञान मात्र सु. १ मिमी. लांबीच्या, सूक्ष्मजंतूंवर जगणाऱ्या सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या जातीपासून मिळाले.

या जातीचे शरीर पारदर्शक असून प्रौढ उभयलिंगी कृमीत ९५९ कायिक कोशिकाकेंद्रके असतात. सिडनी ब्रेनर यांनी १९६० नंतरच्या दशकात तिचा अभ्यास सुरू केला. जॉन सल्स्टन व रॉबर्ट हॉर्व्हिट्झ यांनी प्रत्येक कोशिकेची वंशावळ निश्चित करण्यात मोठा वाटा उचलला. या तिघांना २००२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

डिंभाच्या अधर बाजूस सहा पूर्वगामी कोशिका ओळीने असतात आणि सहाही कोशिकांत भग बनविण्याची क्षमता असते. त्यांच्या वर, जनन ग्रंथीत, ‘नांगर कोशिका’ असते. ती लिन-३ हे प्रथिन स्रवते. सर्वांत जवळच्या कोशिकेस हा संकेत अधिक प्रमाणात मिळतो. लेट-२३ हा ग्राही व लेट-६० हे प्रथिन यांच्याद्वारे तो केंद्रकापर्यंत पोहोचतो. ही कोशिका दोन्ही शेजारणींना दुसरा संकेत देते व त्यांतील लिन-१२ या ग्राहीमुळे त्यांचे कार्य वेगळे ठरते. मधल्या कोशिकेपासून ८ आणि शेजारच्या प्रत्येकीपासून ७, अशा एकूण २२ कोशिकांचे भग तयार होते. उरलेल्या तीन कोशिकांची संतती बाह्यत्वचेत विलीन होते. लेसर किरणांनी नांगर कोशिका नष्ट केल्यास भग तयारच होत नाही.

लेट-२३ ची क्रियाशीलता फार घटल्यासही भग बनत नाही; अंडी आतच उबतात आणि पिले मातेचे शरीर आतून खाऊन तिचा अंत करतात. याउलट लेट-६० सतत क्रियाशील राहिल्यास अनेक भगसदृश उंचवटे निर्माण होतात. मानवातील रास प्रथिन लेट-६० शी समजात आहे आणि तेही असेच सतत क्रियाशील राहिल्यास अनेक प्रकारचे कर्करोग उद्‌भवतात.

मात्र सर्व सूत्रकृमींत हे संकेत सारखेच वापरले जात नाहीत. प्रिस्टिऑन्कस पॅसिफिकस या जातीत तोच अवयव प्रामुख्याने विंट या निराळ्या संकेतमार्गाने घडतो. अवयव टिकतो, पण तो घडविणारा संकेत बदलू शकतो. त्यामुळे एका जातीविषयीचे निष्कर्ष संत्र्यावरील सूत्रकृमीस लावताना त्याची स्वतंत्र तपासणी आवश्यक ठरते.