हिशेब विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे

आज आपण प्रामाणिकपणाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? खोटं बोलू नये, दुसऱ्याच्या पैशाला हात लावू नये, हे लहानपणापासून ऐकत आलोय. खरं आहे. पण आम्ही गटागटांत बोलतो तेव्हा एक गोष्ट लक्षात येते. गटातल्या बायका मनानं प्रामाणिकच असतात, तरीही पैशावरून कुरबूर होते, बोलणं बंद होतं आणि चांगला चाललेला गट मोडतो. असं का होतं, ते आज समजून घेऊ.

आधी हे बघू, की बँक आपल्या गटाला कर्ज देते ती कशाच्या भरवशावर? एकट्या बाईनं मोठं कर्ज मागितलं, की जमीन किंवा घर विचारतात. सातबाऱ्यावर तर आपलं नाव क्वचितच असतं. ही अडचण ओळखून नाबार्डनं १९९२ साली बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. आज ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांना २० लाख रुपयांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय द्यावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मग बँक बघते काय? तर आपली पंचसूत्री: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि चोख हिशेब. म्हणजे आपलं वागणं हेच आपलं तारण. ते दिसतं कुठं? वहीत.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, गटात १० जणी आहेत आणि प्रत्येकीची महिन्याला १०० रुपये बचत. वर्षाचे झाले १२,००० रुपये. एकीनं ५०० रुपयांचा हप्ता दिला. सचिवताईंना स्वयंपाकाची घाई होती, म्हणाल्या, "नंतर लिहिते." पैसे डब्यात गेले, पण वहीत गेलेच नाहीत. तीन महिन्यांनी ती म्हणते, "मी दिले." सचिवताई म्हणतात, "मला आठवत नाही." दोघीही खरं बोलत असतील, पण गावात चर्चा मात्र चोरीची होते. म्हणून पैसे घेतले, की त्याच क्षणी दोन ठिकाणी लिहायचं: गटाच्या वहीत आणि त्या बाईच्या पासबुकात. पैसे देणारीनंही नोंद बघितल्याशिवाय उठायचं नाही.

दुसरा प्रसंग जरा अवघड आहे. कोषाध्यक्षांच्या घरी रात्री मूल तापानं फणफणलं. गटाची रोकड घरातच होती. त्यातले २,००० रुपये उचलून त्या दवाखान्यात गेल्या आणि आठ दिवसांनी पैसे जागच्या जागी ठेवले. कुणाचं नुकसान झालं नाही. मग यात चुकलं काय? गरज खोटी नव्हती, पण गटाला कळलंच नाही, हे चुकलं. उद्या दुसरीनं असंच केलं आणि तिला परत करायला जमलं नाही, तर तिला बोलणार कोण? याला सोपा उपाय आहे. आजारपणासाठी रात्री-अपरात्री किती रक्कम उचलता येईल, दोन सदस्यांना फोन करून कसं सांगायचं आणि पुढच्या बैठकीत तिची कर्ज म्हणून नोंद कशी करायची, याचा ठराव आधीच करून ठेवा. आणि जास्तीची रोकड घरी नको, ती बँकेत भरा. कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या पावतीवर आगाऊ सही तर कुणाच्याच सांगण्यावरून करू नका.

आता खरी अडचण. हिशेब विचारायला आपल्याला संकोच वाटतो. सचिव आपली जाऊबाई, अध्यक्ष चुलत सासूबाई. "विचारलं तर त्यांना काय वाटेल?" म्हणून आपण गप्प बसतो. मग बैठकीत न विचारलेला प्रश्न पाणवठ्यावर निघतो आणि तिथं त्याचा आरोप होतो. मैत्रिणींनो, झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण गटाच्या डब्याला लागू नाही. दर बैठकीत सगळा हिशेब मोठ्यानं वाचायचा आणि रोकड सर्वांसमोर मोजायची, असा नियमच असला, की कुणाला तोंड उघडून विचारावं लागत नाही. यात सर्वांत जास्त सुरक्षित राहतात त्या पैसे सांभाळणाऱ्या ताईच. ज्या अक्षर वाचू शकत नाहीत, त्यांनाही ऐकून कळतं.

हीच गोष्ट धंद्याची. पापडाच्या अर्ध्या किलोच्या पाकिटात १० ग्रॅम कमी भरले, तर १०० पाकिटांमागे एक किलो माल गिऱ्हाइकाच्या घरी पोचतच नाही. पाकिटावर लिहायचं ते आतल्या मालाचं वजन, पिशवीचं धरून नव्हे. आपला काटा इलेक्ट्रॉनिक असेल, तर वैध मापन कार्यालयाकडून दर वर्षी तपासून त्यावर शिक्का घ्यावा लागतो. माल जुना झाला म्हणून तारखेची चिठ्ठी बदलू नका. एखाद्या वेळी लोणच्यात मीठ जास्त पडलं, तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा आणि भाव कमी करा. शितावरून भाताची परीक्षा होते, तशी एका पाकिटावरून सगळ्या गटाची होते.

तर येत्या बैठकीत एवढं करा. मागच्या महिन्याचा जमाखर्च मोठ्यानं वाचा, प्रत्येकीचं पासबुक वहीशी ताडून बघा आणि अडीअडचणीच्या रकमेचा ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. कुठे फरक निघाला, तर आवाज न चढवता तिथल्या तिथं दुरुस्त करा. आणि ज्या ताई ही वही सांभाळतात, त्यांचं काम वाटून घ्यायला एकीनं तरी पुढं या.