रिपोर्ट नॉर्मल, पण माणूस बरा आहे का?

सोलापुरात घरी बसून विड्या वळणारी एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. मांडीवर सूप, सुपात तेंदूपाने आणि तंबाखू. दिवसभर मान खाली, पाठ वाकलेली. ती दवाखान्यात जाते. रक्तदाब ठीक, एक्स-रे ठीक. कागदावर ती निरोगी ठरते. पण मान दुखते म्हणून रात्री झोप नाही, बोटे आखडतात म्हणून विड्या कमी होतात, आणि विड्या कमी झाल्या की मजुरीही कमी. हे नुकसान कोणत्या रिपोर्टमध्ये दिसते?

जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ सालीच सांगितले की आरोग्य म्हणजे फक्त रोग नसणे नव्हे. शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती म्हणजे आरोग्य. ही सुस्थिती मोजण्यासाठी संशोधक ठरावीक प्रश्नावली वापरतात. याला आरोग्याशी निगडित जीवनाची गुणवत्ता मोजणे म्हणतात. इथे उत्तर डॉक्टर देत नाही, रुग्ण स्वतः देतो.

छोटी आणि जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली म्हणजे ‘ईक्यू-५डी’. तिच्यात पाचच गोष्टी विचारतात : हिंडणे-फिरणे, स्वतःची आंघोळ-कपडे, रोजची कामे, वेदना, आणि चिंता किंवा उदासी. प्रत्येक उत्तर ‘काहीच त्रास नाही’ पासून ‘अतिशय त्रास’ पर्यंत पाच पायऱ्यांत असते. त्यावरून एक आकडा काढतात. १ म्हणजे पूर्ण आरोग्य, ० म्हणजे मृत्यूइतकी स्थिती. एखादा माणूस ०.६ या स्थितीत ५ वर्षे जगला, तर ती पूर्ण आरोग्याच्या ३ वर्षांइतकी धरतात. कोणत्या त्रासाला किती वजन द्यायचे, हे सामान्य लोकांना विचारून ठरते. भारतीय लोकांच्या उत्तरांवर आधारलेली वजने २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली.

काही प्रश्नावल्या विशिष्ट आजारांसाठी असतात. दम्यासारख्या श्वसनविकारांसाठी लंडनमध्ये तयार झालेली ‘सेंट जॉर्ज’ प्रश्नावली ० ते १०० गुण देते. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. उपचारानंतर साधारण ४ गुणांचा फरक पडला, तर रुग्णाला तो जाणवण्याइतका मानतात. सुताच्या धुळीत आयुष्य काढलेल्या कामगाराची फुंकनळीची तपासणी एक गोष्ट सांगते. जिना चढताना किती वेळा थांबावे लागते, ही दुसरी. दोन्ही लागतात.

आपण याकडे लक्ष का द्यावे? कारण या आकड्यांवर पैशाचे निर्णय होतात. कोणते औषध, कोणती शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने द्यावी, हे तपासण्यासाठी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये वेगळी यंत्रणा उभी केली. उपचारावरचा खर्च आणि त्यातून मिळणारी निरोगी वर्षे यांची तुलना तिथे होते. ज्यांचा त्रास मोजलाच गेला नाही, त्यांचा त्रास हिशोबातही येत नाही.

पण ही मोजपट्टी निर्दोष नाही. पहिली अडचण भाषेची. ‘एसएफ-३६’ या प्रसिद्ध अमेरिकी प्रश्नावलीत व्हॅक्यूम क्लीनर ढकलणे आणि गोल्फ खेळणे जमते का, असा प्रश्न आहे. पाण्याची घागर उचलणाऱ्या बाईला तो काय कळणार? म्हणून चांगल्या संशोधनात आधी भाषांतर करतात, मग दुसऱ्या व्यक्तीकडून ते मूळ भाषेत उलटवून ताडून पाहतात, आणि शेवटी लोकांसमोर वाचून अर्थ पोहोचतो का हे तपासतात. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे आहेत. नुसत्या मराठी फॉर्मवर केलेला अभ्यास अर्धे शहर सोडून देऊ शकतो.

दुसरी अडचण सवयीची. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की लोकांना विचारले तर आजारपणाची तक्रार केरळात सर्वाधिक आणि बिहारमध्ये कमी निघते. आयुर्मान मात्र केरळात जास्त! शिक्षण आणि दवाखाना जवळ असला की त्रासाला त्रास म्हणता येते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले, ते ‘चाललंय बरं’ म्हणतात, आणि फॉर्मवर ‘त्रास नाही’ ची खूण होते.

तिसरी अडचण गाळलेल्या प्रश्नांची. जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली शरीर आणि मनाबरोबरच नातेसंबंध, घर, पैसा, सुरक्षितता, दवाखान्याची सोय हेही विचारते. ही मोठी गोष्ट आहे. पण जातीवरून अपमान झाला का, असा थेट प्रश्न तिच्यातही नाही. तो वेगळा विचारावा लागतो.

मित्रांनो, जयंतीला आपल्या वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरे होतात. साखर आणि रक्तदाब तपासून किती जण आले याची बातमी होते. पुढच्या शिबिरात वैद्यकीय महाविद्यालयातील सामाजिक आरोग्य विभागाच्या डॉक्टरांना सोबत घ्या. मनाने प्रश्न रचू नका; तपासून घेतलेली प्रश्नावली रीतसर परवानगीने वापरा. आधी संमती घ्या. बाईला सासू-नवऱ्यासमोर न विचारता बाजूला बसवून तिच्या भाषेत विचारा. सहा महिन्यांनी त्याच लोकांना पुन्हा विचारा, आणि काय निघाले ते वस्तीत येऊन सांगा. संशोधक तुमच्या दारात आले, तर फॉर्म भरण्याआधी हेच त्यांनाही विचारा : प्रश्न कोणत्या भाषेत तपासलेत, आणि निकाल आम्हाला कधी कळणार?