छपरीतल्या उजेडात चेहऱ्याचा फोटो

गोरेगावला बोलायचं ठरलं तेव्हा आम्ही विषय मुद्दाम घरगुती निवडला. मोबाइलवर चेहऱ्याचा फोटो असा कसा काढायचा, की तो चांगल्या स्टुडिओतला वाटावा?

हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. घरातलं म्हातारं माणूस गेलं की भिंतीवर लावायला फोटो शोधायची धावपळ सुरू होते. हाताला काय लागतं? फॉर्मसाठी काढलेला 35 बाय 45 मिलिमीटरचा फोटो, नाहीतर कुणाच्या लग्नातल्या घोळक्यातून कापलेला चेहरा. तो 12 इंच रुंद करायचा म्हणजे जवळपास नऊपट ताणायचा. मग फोटोवाला अंदाजाने भुवया भरतो, गाल गुळगुळीत करतो, वर कोट-टायही चढवतो. ज्याने जन्म धानाच्या बांधीत काढला, तो भिंतीवर भलताच कुणी होऊन बसतो, आणि नातवंडं त्यालाच आबाजी समजतात. म्हणून हा फोटो माणूस चालता-बोलता असतानाच काढून ठेवायचा.

आता उजेडाचं बघू. चेहऱ्याला शोभणारा उजेड मोठ्या जागेतून येतो. दुपारचा सूर्य प्रखर असतो खरा, पण आकाशात तो दिसतो इवलासा. म्हणून त्याच्या सावल्या धारदार पडतात, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. मोबाइलचा फ्लॅश तर मुगाच्या दाण्याएवढा. तो बंदच ठेवा. याउलट आपली छपरी बघा. वरचं ऊन कवेलूंनी नाहीतर टिनांनी अडवलेलं आणि समोर मोकळं आकाश, म्हणजे माणसापेक्षा मोठा दिवाच. माणसाला छपरीच्या कडेशी, पण सावलीत बसवायचं आणि खुर्ची थोडी तिरपी करायची, म्हणजे एका गालावर उजेड जास्त आणि दुसऱ्यावर कमी पडतो. चेहऱ्याला उठाव येतो तो या फरकामुळेच. सावलीची बाजू फारच काळी वाटली, तर तिकडून कुणाला तरी पांढरी चादर धरायला सांगा. भिंत मात्र बघून घ्या. हिरव्या किंवा निळ्या भिंतीला खेटून बसवलं, तर तिचा रंग गालावर उतरतो.

ही युक्ती जुनीच आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली 1854 मध्ये आणि त्यात डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मराठी मंडळी होती. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्या जमान्यात विजेचे दिवे नव्हते आणि काचेवरचा मसाला इतका मंद, की समोरच्याला काही सेकंद निश्चल बसावं लागे. म्हणून स्टुडिओला उत्तरेकडे मोठी काच ठेवायची पद्धत होती. उत्तरेकडून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही. आपल्याकडे मे-जूनमध्ये मात्र सकाळ-संध्याकाळी तिकडूनही तिरपं ऊन शिरतं, तेवढं सांभाळा.

आता रंगाचं बोलू. इथे आम्ही जरा जास्त वेळ घेणार. कॅमेऱ्याला समोर माणूस आहे की भिंत, याच्याशी मुळात देणंघेणं नसतं. सगळ्या चित्राचा सरासरी उजेड मध्यम राखड्या रंगाएवढा आणायचा, एवढंच तो पाहतो. नवे मोबाइल चेहरा ओळखतात, तरी चुकतात. पांढरं धोतर, पांढरी टोपी, मागे चुन्याची भिंत असली, की कॅमेरा म्हणतो, फार उजेड झाला. तो सगळंच अंधारं करतो आणि उन्हाने रापलेला चेहरा काळा ठिक्कर येतो. लोक म्हणतात, ‘आमचा फोटोच चांगला येत नाही.’ दोष चेहऱ्याचा नसतो हो. उपाय सोपा आहे. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, बाजूला सूर्याचं चिन्ह येईल, ते थोडं वर सरकवा. गालाच्या सुरकुत्या दिसायला लागल्या की थांबा. कपाळ पांढरं फटक पडू देऊ नका.

फिल्मच्या काळात तर ही गोष्ट मुळातच वाकडी होती. कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवायला नमुन्याचं कार्ड देत असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत आणि त्यावर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचाच फोटो असे. तिची कांती बरोबर आली की यंत्र बरोबर. बाकीच्यांनी आपलं बघून घ्यावं! आता कार्ड गेलं आणि मोबाइलात ‘ब्युटी’चं बटण आलं. आमचं स्पष्ट मत आहे, ते बंद करा. ते सुरकुत्या पुसतं आणि पुष्कळदा रंगही उजळवतं. मुलीच्या बायोडाटाच्या फोटोतही हाच मोह होतो. स्थळ घरी आल्यावर पोरीलाच अवघडायला होतं.

अंतराची गंमत ऐका. नाकाचा शेंडा आणि कान यांत साधारण पाच इंच असतात. मोबाइल एक फुटावर धरला, तर कान नाकापेक्षा चाळीस टक्के लांब पडतात, म्हणून नाक फुगतं आणि कान मागे दडतात. सहा फुटांवरून हाच फरक सात टक्क्यांवर येतो. तेव्हा मागे सरका आणि 2 एक्सची लेन्स वापरा. मोबाइल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. खुर्चीतल्या माणसाचा फोटो उभ्याने काढला, की तो बिचारा दबल्यासारखा दिसतो.

आणि ‘हसा’ म्हणू नका. म्हातारी माणसं ताठ होतात. यंदा रोवणी कधी आटोपली, ते विचारा. बोलून थांबले की त्या क्षणी चेहरा सैल असतो. दहा-पंधरा फोटो घ्या, एखादा साधतो.

छापायला देताना व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवू नका. तिथे लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते, म्हणजे 15 इंचांच्या प्रिंटला इंचामागे शंभरएक ठिपके. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा केबलने द्या. फोटोवाल्याला बजावून सांगा, ‘रंग गोरा करू नका, कोट घालू नका.’