गर्भारपणातील जळजळ आणि चमचाभर सोडा

श्रीवर्धनच्या वाड्यांतून, सातव्या-आठव्या महिन्यातील गर्भारशीच्या घशाशी आंबट येऊ लागले, की डॉक्टरांनी लिहून दिलेली आम्लनाशक गोळी ‘औषध बाळाला बाधेल’ या सबबीवर फडताळात पडून राहते, आणि स्वयंपाकघरातला खायचा सोडा पाण्यात फसफसवून, ‘घरचाच आहे, पिऊन टाक’ अशा मायेच्या आग्रहाने तिच्या हाती दिला जातो. हा समज इतक्या शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडून ऐकावा लागतो, की त्याचा एकदा खडसून समाचार घेणे प्राप्त आहे.

सोडा प्याल्यावर येतो तो ढेकर सोड्यातूनच निघालेल्या वायूचा. त्याने हलके वाटते, एवढेच. चहाच्या एका चमच्याबरोबर मात्र सुमारे 1200 मिलिग्रॅम सोडियम पोटात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला अख्ख्या दिवसाची घालून दिलेली मर्यादा 2000 मिलिग्रॅमच्या आतली आहे. सुक्या मासळीतले आणि लोणच्यातले मीठ निराळेच! हे सोडियम अंगात पाणी धरून ठेवते, आणि सोडा वरचेवर घेतल्यास रक्तातील आम्ल-अल्कलीचा समतोल ढळतो; जिचे पाय सुजले आहेत वा रक्तदाब चढला आहे, तिला तर तो सर्वथा वर्ज्य. लिंबूसत्त्वाच्या फसफसत्या पुडीतही हाच सोडा असतो.

उलट, आहारविहार बदलूनही त्रास शमत नसेल तर आम्लनाशक देण्याची मुभा याच संघटनेच्या 2016 च्या गर्भारपणविषयक शिफारशींत स्पष्ट शब्दांत आहे. कॅल्शियम कार्बोनेटची, अथवा मॅग्नेशियम व ॲल्युमिनियमची साधी आम्लनाशके डॉक्टरांनी नेमून दिलेल्या मात्रेत घ्यावीत; अट एवढीच, की सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची लाल गोळी आणि आम्लनाशक यांत किमान दोन तासांचे अंतर असावे, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

जळजळ म्हणजे बाळाला दाट जावळ, या समजुतीला अमेरिकेतील 64 स्त्रियांच्या एका लहानशा अभ्यासाने 2006 मध्ये थोडा दुजोरा दिला खरा. पण म्हणून ती सोसत बसावी असे कोठे ठरले? कोकम पित्तशामक मानले, तरी ते आंबटच. रोठा सुपारीचा श्रीवर्धनला रास्त अभिमान आहे. तथापि, सुपारी कर्करोगकारक ठरलेली असल्याने, जेवणावर पाचक म्हणून खांड चघळणे गर्भारशीने टाळावे.

विसाव्या आठवड्यानंतर बरगड्यांखाली दुखू लागले, आणि जोडीला डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा तोंडाहातांवर सूज असेल, तर त्याला पित्त समजून रात्र काढू नये. तत्काळ रुग्णालय गाठून रक्तदाब मोजवावा आणि लघवी तपासून घ्यावी.